टॅपेट कव्हरचं पॅकिंग की क्रँक सील? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी जरा वर बघा

जुन्या गाडीखाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी तेलाचा थेंब लटकलेला दिसला, की वाकून बघणारा पहिला माणूस म्हणतो "क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल". दुसरा येतो तोही तेच म्हणतो, कारण पहिल्याचं त्याने ऐकलेलं असतं. मग गिअरबॉक्स उतरतो, नवीन सील बसतं, "आता उघडलंच आहे तर" म्हणून क्लच प्लेट बदलली जाते, बिल होतं तगडं, आणि महिन्याभरात पार्किंगमध्ये डाग परत हजर. कारण तेल आतून येतच नव्हतं, वरून टॅपेट कव्हरमधून ओघळत होतं. हे इतक्या गाड्यांचं होताना बघितलंय की आता कुणी "क्रँक सील" म्हटलं की मी आधी विचारतो, बॉनेट उघडलं होतं का?

उदाहरणाला मारुती ८०० घेतो, कारण डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी निघत होती आणि निम्म्या महाराष्ट्राचा हात हिच्यावरच बसलाय. पण बॉनेटखाली आडवं बसवलेलं इंजिन असलेल्या बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांना हेच लागू आहे.

टॅपेट कव्हर सगळ्यांना माहितीये. तेल ओतायचं झाकण ज्याच्यावर असतं ते इंजिनच्या डोक्यावरचं कव्हर, त्याच्याखाली रबराचं पॅकिंग. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन हे रबर कडक होतं, बोटाने दाबलं तर दबत नाही, वाकवलं तर तुटतं. क्रँक सील म्हणजे क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, इंजिनच्या बाहेर जिथे येते तिथली गोल रबरी रिंग. अशी दोन असतात, एक बेल्टच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला. बेल्टच्या बाजूचं ओळखणं सोपं आहे, पुलीच्या मागे आणि टायमिंग कव्हरच्या खाली ओलं दिसतं. ते मात्र लांबणीवर टाकू नका, टायमिंग बेल्टला तेल लागलं की बेल्टचं आयुष्य संपलं. घोळ होतो तो गिअरबॉक्सकडच्या सीलवरून.

घोळाचं कारण साधं आहे, तेल खाली वाहतं. टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून पाझरलेलं तेल हेडवरून (इंजिनचा वरचा भाग) ब्लॉकच्या (त्याखालचा मुख्य भाग) कडेला येतं, तिथून बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड) जोडाची कड धरून गोल फिरत तळाला जातं आणि तिथे थेंब होऊन लटकतं. क्रँक सीलमधून आलेलं तेल बेल हाउसिंगच्या आतून खाली उतरतं आणि अगदी त्याच जागी लटकतं. म्हणजे थेंब पडायची जागा दोघांची एकच! म्हणून नुसता थेंब बघून निदान करणाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. थेंब कुठे पडतो ते बघायचंच नसतं, ओल सगळ्यात वर कुठे सुरू होते ते बघायचं असतं.

बॉनेट उघडा, चांगला टॉर्च घ्या आणि इंजिन-गिअरबॉक्सचा जोड वरून खाली बोट फिरवत तपासा. जोडाचा वरचा अर्धा भाग ओला, तेलकट, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालाय? तर तेल वरून येतंय, क्रँक सीलचं नाव तूर्त काढू नका. वरचा भाग खडखडीत कोरडा, धुळकट, आणि फक्त तळाचा इंच-दोन इंच ओला? तर आतून येतंय असं म्हणायला जागा आहे. क्रँक सील ब्लॉकच्या खालच्या भागात असतं, तिथलं तेल उलटं चढून बाहेरच्या जोडाच्या माथ्यावर जात नाही, ही एकच गोष्ट डोक्यात ठेवली तरी खूप पैसे वाचतील. बेल हाउसिंगच्या तळाला पत्र्याचं छोटं झाकण असेल तर ते काढून आत बघा, फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) मागे ताजं तेल दिसलं तर मात्र आतलाच मामला.

आता खरी पंचाईत म्हणजे जुनं इंजिन सगळीकडूनच काळंकुट्ट असतं, काय ताजं आणि काय जुनं कळत नाही. म्हणून आधी धुवायचं. थंड इंजिनवर डीग्रीझर किंवा रॉकेल आणि ब्रश, मग पुसून पूर्ण कोरडं करायचं. वॉशिंग सेंटरला नेऊन गरम इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेणारे लोक मला कळत नाहीत, डिस्ट्रिब्युटरमध्ये (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) पाणी शिरलं की गाडी तिथेच बसते आणि मग गळती राहते बाजूला. कोरडं झाल्यावर टॅपेट कव्हरच्या कडेला आणि जोडाच्या वरच्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरायची, वीस-तीस किलोमीटर फिरवून आणायची आणि परत बघायचं. जिथे पावडरवर रेघ उमटली तिथून तेल सुटलंय. तेलात टाकायचा रंग आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही मिळतो, भारी काम करतो, पण टाल्कमने काम होत असेल तर उगाच खर्च कशाला.

दोन खुणा आणखी. ट्रॅफिकमध्ये उभं असताना जळक्या तेलाचा वास येतो, बॉनेटच्या फटीतून हलका निळसर धूर दिसतो, तर तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर पडतंय म्हणजे गळती वरची, बहुतेक टॅपेट कव्हरच. आणि क्लच घसरतोय, इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर प्लेटला तेल लागलेलं असू शकतं. असू शकतं म्हणतोय, कारण झिजलेली प्लेटही अशीच घसरते, त्यामुळे क्लच स्लिप हा क्रँक सीलचा पुरावा धरू नका.

कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये तिसरा चोर असतो आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही. डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला बसतो, गिअरबॉक्सच्या बरोब्बर वर, आणि त्याची ओ-रिंग (बारीक गोल रबरी रिंग) कडक झाली की तेल थेट बेल हाउसिंगच्या डोक्यावर. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं टाकूनही जोड ओला राहतोय तर इथे बोट घालून बघा. ओ-रिंग किरकोळ पैशांची असते, फक्त डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलेल.

आणि खरंच आतून येत असेल तरी ते इंजिन ऑइलच आहे ना हे बघा. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचंही, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचंही, एक सील असतं, ते गेलं तर गिअर ऑइल याच बेल हाउसिंगमध्ये उतरतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. शिवाय डिपस्टिकवर इंजिनचं तेल कमी होतच नसेल आणि खाली मात्र डाग पडतोय, तर संशय तिकडे न्या.

आता दुरुस्ती. त्याआधी ब्रीदर! ब्रीदर म्हणजे इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारी वाट. तिचा पाइप किंवा पीसीव्ही वाल्व्ह (त्याच वाटेवरची झडप) काजळीने तुंबला की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि तो जिथे कमजोर जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. तुम्ही एक पॅकिंग बदललं की तो दुसरीकडून काढतो. पाइप काढून कार्ब क्लीनरने साफ करा, दहा मिनिटांचं काम आहे आणि तरीही गॅरेजमध्ये क्वचितच कुणी करतं. ब्रीदर साफ असूनही चालू इंजिनचं तेलाचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, नवी सीलं अशा इंजिनवर टिकत नाहीत.

टॅपेट कव्हरचं काम घरी होतं. जुनं पॅकिंग खरवडून काढा, दोन्ही कडा पेट्रोलच्या फडक्याने कोरड्या करा, पत्र्याचं कव्हर असेल तर सपाट काचेवर ठेवून बघा डुलतंय का, कारण आधीच्या मेकॅनिकने बोल्ट आवळून आवळून ते वाकवलेलं असतं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात, डाळीएवढं. अख्ख्या पॅकिंगला लाल सिलिकॉन थापणारे आणि त्याहून वाईट म्हणजे कव्हर न उघडता बाहेरून लिंपणारे, यांना पाना देऊ नये. जास्तीचं सिलिकॉन आत पडतं आणि तेल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून, हलक्या हाताने. गळतंय म्हणून अजून आवळलं तर अजून गळतं, हे कितीही सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात त्या तेलात ओतू नका. कडक झालेलं रबर थोडं फुगवतात, चार दिवस बरं वाटतं, फाटलेल्या सीलला त्याचा काहीही उपयोग नाही. "घट्ट ऑइल टाका, गळणार नाही" हाही तसलाच सल्ला, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच टाका.

क्रँक सीलच निघालं तर घाई करायची का? नुसतं ओलसर आहे, थेंब पडत नाही, क्लच ठीक आहे, तर माझ्या मते थांबा. दर आठवड्याला डिपस्टिक बघा, ८०० मध्ये तेल तीन लिटरच्या आतबाहेरच असतं, त्यामुळे अर्धा लिटर गेलं तरी तो मोठा वाटा आहे. क्लचचं काम निघेल तेव्हा सील त्याच मजुरीत होतं. थेंब सतत पडत असेल किंवा क्लच घसरत असेल तर मात्र लगेच करा, पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर आपलं तेल म्हणजे मागून येणाऱ्या बाइकवाल्याचा घात.

गिअरबॉक्स उतरल्यावर स्वतः तिथे उभे राहा. इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी बदलून घ्या, परत उतरवायला कोण बसलंय. तेल प्यायलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन परत लावू देऊ नका, ती घसरणारच. जुनं सील काढल्यावर क्रँकवर जिथे त्याची कड घासत होती तिथे नख फिरवा, नख अडकलं तर खाच पडलीये, नवं सील त्याच खाचेवर बसवलं तर लवकरच गळेल, ते मिलिमीटरभर आतबाहेर बसवायला सांगा. कडेला तेल लावून, सपाट ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोकायचं, एका बाजूने हातोडी मारून तिरकं बसवलेलं सील दिसलं तर तिथल्या तिथे काढायला लावा.