नकाशा रंगवण्याआधी विचारा

एखाद्या परिसरातला निसर्ग पुन्हा सावरायचा आराखडा तयार होत असतो, तेव्हा लोकांना बहुतेक वेळा शेवटी बोलावलं जातं. तज्ज्ञांनी नकाशा रंगवलेला असतो, अहवाल छपाईच्या बेतात असतो आणि मग 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. अशा वेळी कुणी सांगितलं की विणीच्या हंगामात शेकडो बेडूक नेमका हाच रस्ता ओलांडतात, तर ते नम्रपणे ऐकून घेतलं जातं. नकाशा मात्र तसाच राहतो, कारण तो बदलायला ना वेळ उरलेला असतो ना पैसा.

अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना माहिती मिळते, मत मांडता येतं, पण निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो. निर्णयात खरा वाटा मिळतो तो वरच्या तीन पायऱ्यांवर. निसर्गाचे बहुतेक आराखडे मधेच अडकतात. आयोजकांची नियत वाईट असते म्हणून नव्हे, तर वेळापत्रक उलटं आखलेलं असतं म्हणून.

इंग्लंडमध्ये २०२१च्या पर्यावरण कायद्यानं अशा स्थानिक आराखड्यांना कायदेशीर चौकट दिली. सगळा देश ४८ भागांत विभागला गेला. प्रत्येक भागानं दोन गोष्टी तयार करायच्या: प्राधान्यक्रमांचं निवेदन आणि अधिवासांचा नकाशा. नकाशात आज मोलाच्या असलेल्या जागा दाखवायच्या, तशाच उद्या मोलाच्या होऊ शकतील अशाही. कळीचा मुद्दा असा की या आराखड्यामुळे जमीनमालकावर कसलीही सक्ती येत नाही. म्हणजे ज्याच्या जमिनीवर हिरवा ठिपका पडला, त्याला तो ठिपका पटला नसेल तर जमिनीवर काहीच घडणार नाही. सुरुवातीलाच त्याच्याशी बोलणं म्हणूनच गरजेचं आहे.

लोकांकडे नेमकं काय असतं, जे उपग्रहाच्या चित्रात नसतं? पहिली गोष्ट, आठवण. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली दाखवून दिलं की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला निसर्ग हाच मूळचा निसर्ग धरून चालते. आधीच्या पिढीनं पाहिलेली समृद्धी हिशेबातूनच गळते, आणि ध्येय आपोआप खाली सरकतं. यावर उपाय म्हणजे वयानं मोठ्या माणसांच्या आठवणी पद्धतशीर नोंदवणं. 'पूर्वी इथं काय होतं?' असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. 'पूल बांधला त्याच्या आधी की नंतर?', 'पाणी गुडघ्यापर्यंत होतं की कमरेपर्यंत?', 'कुठल्या महिन्यापर्यंत टिकायचं?' असं एखाद्या ठाऊक घटनेला किंवा शरीराच्या मापाला बांधून विचारावं. एक आठवण हा पुरावा होत नाही. एकमेकांशी न बोललेल्या दोन-तीन माणसांनी तेच सांगितलं, किंवा जुन्या छायाचित्राशी ते जुळलं, तर त्याला वजन येतं. नकाशावर आठवणी वेगळ्या रंगात ठेवाव्यात आणि प्रत्यक्ष पाहणीच्या नोंदी वेगळ्या; दोन्ही एकत्र झाल्या की नंतर कुणालाच उलगडा होत नाही.

नकाशा घेऊन बसायची बैठक साधी वाटते, पण ती नकाशाच्या प्रमाणावर फसते. ए-शून्य आकाराचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटर असतो. १:५,००० प्रमाणात त्यावर साधारण ४.२ बाय ५.९ किलोमीटरचा प्रदेश मावतो, आणि कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. जाड मार्करची ३ मिलिमीटरची रेघ त्याच नकाशावर १५ मीटर रुंद होते. तेवढ्यात ओढ्याचे दोन्ही काठ गडप होतात. म्हणून बारीक टोकाचं पेन द्यावं, आणि प्रत्येक खुणेला क्रमांक देऊन मजकूर शेजारच्या तक्त्यात लिहावा. एका टेबलाशी सहा ते आठ माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दोघंच बोलतात आणि बाकीचे बघतात. नकाशावर घाटमाथा, शाळा, पाण्याची टाकी अशा ओळखीच्या खुणा ठळक हव्यात. नुसत्या समोच्च रेषा पाहून बहुतेकांना आपलं घर सापडत नाही, आणि घर सापडलं नाही की माणूस गप्प बसतो.

कुठं कुठला जीव दिसला, अशा लोकांनी मोबाईलवरून पाठवलेल्या नोंदींचा उपयोग मोठा आहे, पण त्यांचा कल ओळखायला हवा. लोक फिरतात तिथली नोंद होते: रस्त्यालगत, पायवाटेवर, घराजवळ. पक्षी आणि फुलपाखरं भरभरून नोंदली जातात. शेवाळ, कोळी, मातीतले जीव क्वचितच. त्यामुळे नकाशावरचा कोरा भाग 'इथं काही नाही' असं सांगत नसतो. तो 'इथं कुणी गेलं नाही' एवढंच सांगतो. हे न ओळखता नियोजन केलं तर बागेशेजारचा तुकडा श्रीमंत ठरतो आणि आडबाजूची दलदल ओसाड. परिसराचे १ किलोमीटरचे चौकोन पाडून ज्या चौकोनांत नोंदच नाही तिथं आधी माणसं पाठवावीत. गेल्यावर दिसलेलं सगळं लिहावं, नुसतं दुर्मीळ तेवढंच नव्हे. पूर्ण यादी असेल तरच 'दिसलं नाही' या नोंदीला अर्थ येतो.

याच्या उलट एक पथ्यही आहे. दुर्मीळ ऑर्किडची किंवा शिकारी पक्ष्याच्या घरट्याची अचूक जागा सार्वजनिक नकाशावर कधीही टाकू नये. आयनॅचरलिस्टसारख्या, लोक निसर्गनोंदी टाकतात अशा मंचावर धोक्यातल्या जातींचं स्थान अक्षांश-रेखांशाच्या ०.२ बाय ०.२ अंशांच्या चौकोनात धूसर केलं जातं. आराखड्याच्या जाहीर प्रतीतही तसंच करावं आणि अचूक जागा मोजक्या जबाबदार माणसांपुरती ठेवावी.

आता अवघड भाग. निसर्गासाठी काय करावं, असं विचारलं की 'झाडं लावा' हे उत्तर हमखास येतं. जुन्या गवताळ रानावर झाडं लावली तर सावलीनं तिथली फुलझाडं, त्यांवरचे कीटक आणि जमिनीवर घरटं करणारे पक्षी निघून जातात. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या, दलदलीवर लावली तर जमीन कोरडी पडते आणि शतकानुशतकं साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. तेव्हा लोकांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करणं म्हणजे सहभाग, असं आम्ही मानत नाही. कुठल्या मातीत आणि पाण्यात काय टिकेल, हे पाहणीनं ठरावं, आणि ते लोकांसमोर मोकळेपणानं मांडावं. त्या मर्यादेत आधी कुठला तुकडा घ्यायचा, पायवाट कुठून न्यायची, कुठला भाग काही महिने बंद ठेवायचा, हे लोकांनी ठरवावं. ही वाटणी पहिल्याच बैठकीत लिहून सांगितली तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

बैठकीला कोण आलं, याहून कोण आलं नाही हे जास्त तपासावं. मोकळा वेळ असलेले, आधीपासून निसर्गप्रेमी असलेले आणि विरोध असलेले हमखास येतात. पाळीत काम करणारे, भाडेकरू, लहान मुलांचे आईबाप, चाकाच्या खुर्चीवरची माणसं राहून जातात. आयर्लंडनं २०२२-२३ मध्ये जैवविविधतेच्या ऱ्हासावर नागरिक सभा भरवली, तेव्हा सोडतीनं निवडलेले ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष अशी तिची रचना होती. त्यांनी १५९ शिफारशी केल्या. लहान परिसरात एवढा खटाटोप नको, पण तत्त्व तेच: काही जागा सोडतीनं भराव्यात, येण्याजाण्याचा खर्च द्यावा, आणि एक बैठक संध्याकाळी, एक सुट्टीच्या दिवशी घ्यावी.

आलेल्या प्रत्येक सूचनेला क्रमांक, निर्णय आणि एका वाक्यात कारण, असा तक्ता जाहीर करावा. 'शक्य नाही' एवढंच लिहू नये. 'भूजल उन्हाळ्यात फार खोल जातं, त्यामुळे तळं टिकणार नाही' असं लिहावं. नकार कारणासह मिळाला तर माणूस पुढच्या बैठकीला येतो; उत्तरच आलं नाही तर येत नाही.

काम सुरू झाल्यावरचं पहिलं वर्ष सगळ्यांत नाजूक असतं, आणि त्याची कल्पना आधी द्यायला हवी. हिरवळीची वारंवार कापणी थांबवली की पहिल्या हंगामात फुलं नव्हे, उंच, राठ गवत दिसतं. कापलेलं गवत तिथंच पडू दिलं तर ते कुजून माती आणखी कसदार होते आणि राठ गवतालाच बळ मिळतं. म्हणून फुलं बी टाकून झाल्यावर कापणी करून गवत उचलून न्यावं लागतं. तरीही 'दुर्लक्ष झालंय' अशा तक्रारी येतात. जोन नॅसॉवर या भूदृश्य-अभ्यासकांनी १९९५ साली यावर 'काळजीच्या खुणा' ही कल्पना मांडली. पायवाटेच्या कडेचा मीटरभर पट्टा नियमित कापलेला ठेवायचा, कोपऱ्यावर इथं काय चाललंय ते सांगणारी छोटी पाटी लावायची. आतलं गवत कंबरेएवढं वाढलं तरी कड नीट असली की पाहणाऱ्याला ते मुद्दाम राखलेलं आहे हे कळतं.