राऊंडहाऊस किकची घराणी

कराटे क्लासात काही महिने काढलेल्या कुठल्याही पोराला मावाशी गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची राऊंडहाऊस किक, पाठ असते. गुडघा बाजूने उचल, टाच फिरव, कंबर टाक, पाय सोड आणि लगेच ओढून घे. तेच पोर पुढे मुए थाईच्या, म्हणजे थाई बॉक्सिंगच्या, जिममध्ये गेलं की सर ओरडतात, 'पाय ओढून कशाला घेतोस? नडगी लागू दे!' तायक्वांदोवाला तिसरंच काही सांगतो. तिघेही हेच योग्य तंत्र म्हणून शिकवतात, आणि तिघेही खोटं बोलत नसतात. ज्या स्पर्धेत ही लाथ वापरायची, तिच्या नियमांनी तिला घडवलंय. गाण्यातल्या घराण्यांसारखी तिची घराणी झालीत.

कराटेपुरतं बोलायचं तर ही लाथ शंभर वर्षांचीही नसावी. कराटेचं मूळ गाव ओकिनावा. तिथले जुने काता, म्हणजे एकट्याने करायचे ठरलेल्या हालचालींचे क्रम, काढून बघा. समोर मारायची माए गेरी सापडते, कंबरेखालच्या लाथा सापडतात, मावाशी गेरी जवळपास नाहीच. शोतोकान या कराटेच्या शैलीतला उन्सु हा काता ठळक अपवाद, आणि त्यातही ती जमिनीवर झोकून देऊन मारायची असते. गिचिन फुनाकोशी 1922 साली ओकिनावाहून तोक्योला आले आणि त्यांनी जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजवलं, ते मुख्यतः काताच्या बळावर. मावाशी गेरी शोतोकानमध्ये आणण्याचं श्रेय सहसा त्यांचा मुलगा योशिताका याला दिलं जातं. 1930 च्या दशकात विद्यापीठांच्या क्लबांतल्या तरुणांना नुसत्या काताने समाधान होत नव्हतं, त्यांना समोरासमोर लढायचं होतं. अंतर वाढलं, पवित्रे खोल झाले, लाथा उंच गेल्या. योशिताका 1945 साली क्षयाने गेला.

जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1957 साली झाली. तिथे लाथ लागायच्या आत थांबवायची होती. थांबवायची म्हटल्यावर वेग हवा, ताबा हवा आणि पाय तितक्याच झटक्यात मागे यायला हवा. बोटं वर ओढून चवड्याने मारायची जुनी सवय मागे पडत गेली, आणि स्पर्धेत पायाच्या वरच्या बाजूने मारणं रूढ झालं, कारण त्यात दोन इंच जास्त पोचता येतं. क्लासातला 'ओढून घे'चा घोष इथून येतो.

तायक्वांदो याच झाडाची फांदी. कोरियाचे जनरल चोई होंग-ही विद्यार्थी असताना जपानमध्ये कराटे शिकले होते, आणि 1955 साली तायक्वांदो हे नाव पुढे आलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. ऑलिंपिक प्रकारात डोक्यावर ठोसा चालत नाही, त्यामुळे सगळा भार पायांवर. गुडघा सरळ समोर उचलायचा, माए गेरी येतेय असं भासवायचं आणि शेवटच्या क्षणी कंबर वळवायची. 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून अंगावरच्या सेन्सरनी गुण मोजायला सुरुवात झाली, आणि पुढचा पाय हवेत धरून टपटप गुण घेणं वाढलं. बघायला कंटाळवाणं, पण गुण मिळतात.

थायलंडची गोष्ट मात्र वेगळ्या मुळातून आलेली. तिथे पूर्वी हाताला दोर गुंडाळून लढत. 1920 च्या दशकात ग्लोव्ह्ज आले, रिंग आली, आणि 1945 साली बँकॉकमध्ये राजादमनर्न स्टेडियम उभं राहिलं. इथे लाथ थांबवायचा प्रश्नच नव्हता. रोज लढणाऱ्याला चवडा किंवा पाऊल परवडत नाही. त्यातली लहान हाडं समोरच्याच्या कोपरावर आपटली तर मोडतात, म्हणून नडगी. उभ्या पायाची टाच उचलून चवड्यावर फिरायचं, लाथ मारणाऱ्या पायाच्या बाजूचा हात खाली-मागे झटकायचा, गुडघा फार न दुमडता अख्खी कंबर आत घालायची. लाथ चुकली तर माणूस भोवऱ्यासारखा फिरतो, आणि ते चालतं. स्टेडियमचे पंच बरगड्यांवर स्वच्छ बसलेल्या लाथेला चांगले गुण देतात, त्यामुळे थाई मुलं लहानपणापासून तीच घोटतात.

कराटे आणि मुए थाई या दोन घराण्यांची गाठ 1960 च्या दशकात पडली. क्योकुशिन या कराटे शैलीचे जनक मासुतात्सु ओयामा यांचे तीन शिष्य बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियमवर थाई लढवय्यांशी लढायला गेले. दोघे जिंकले. तिसरे केंजी कुरोसाकी कोपराच्या फटक्याने हरले. लढती भरवणाऱ्या ओसामु नोगुचीने 1966 साली जपानमध्ये किकबॉक्सिंग सुरू केलं, आणि कुरोसाकींनी 1969 साली तोक्योत मेजिरो जिम काढलं. त्यांच्याकडे शिकलेल्या यान प्लासने 1978 साली ॲमस्टरडॅममध्ये त्याच नावाचं जिम उघडलं. डच मंडळींनी त्यात बॉक्सिंग मिसळलं: आधी तीन-चार ठोसे, समोरच्याचे हात वर गेले की मांडीवर नडगी. डच एर्नेस्तो होस्टने के-वन या जपानी किकबॉक्सिंग स्पर्धेची ग्रां प्री चार वेळा जिंकली, आणि त्यात या लो किकचा वाटा मोठा होता.

अमेरिकेत याच काळात उलटा नियम होता. 1974 साली सुरू झालेल्या पीकेए (प्रोफेशनल कराटे असोसिएशन) या संघटनेच्या फुल कॉन्टॅक्ट कराटेत कंबरेखाली लाथ बंद, आणि नंतर दर फेरीत किमान आठ लाथा सक्तीच्या. बिल वॉलेसचा उजवा गुडघा ज्युडोत दुखावला होता, म्हणून त्याने डाव्या पायाच्या उंच, चपळ लाथांवर कारकीर्द काढली आणि अपराजित निवृत्त झाला. मांडीवर लाथ चालत असती तर? माझ्या मते ती कारकीर्द इतकी लांबली नसती.

याचा पुरावा 1988 साली लास वेगासमध्ये मिळाला. अमेरिकन विजेता रिक रुफस आणि थायलंडचा चांगपुएक कियातसोंगरित यांच्या लढतीत कोपर-गुडघे बंद होते, पण लो किक चालत होती. पहिल्याच फेरीत रुफसने चांगपुएकला पाडलं, जबडाही मोडला. चांगपुएक पुढच्या फेऱ्यांत एकाच ठिकाणी, मांडीवर, मारत राहिला. रुफसला पाय टेकवेना, शेवटी लढत थांबवावी लागली. त्याचा धाकटा भाऊ ड्यूक चिडून म्हणाला की यात कौशल्य काय आहे. पुढे तोच ड्यूक मुए थाई शिकला, आणि लो किक शिकवणारा नामवंत प्रशिक्षक झाला.

लो किकला उत्तर म्हणजे चेक: गुडघा उचलून नडगीचा वरचा, टणक भाग पुढे करायचा. डिसेंबर 2013 मध्ये यूएफसी या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) स्पर्धेत ख्रिस वाइडमनने असाच चेक केला आणि लाथ मारणाऱ्या अँडरसन सिल्वाची नडगी मोडली. एप्रिल 2021 मध्ये वाइडमन स्वतः लाथ मारायला गेला, समोर युराया हॉलने चेक केला, आणि यावेळी मोडली ती वाइडमनची नडगी. आता बऱ्याच एमएमए जिममध्ये लाथ आणखी खाली, पोटरीवर शिकवतात, कारण तिथे गुडघा उचलून अडवायला वेळच मिळत नाही.