लघुप्रतिकृतींच्या रंगकामातील ॲक्रिलिक शाई

ॲक्रिलिक शाई : ॲक्रिलिक बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) पाण्यातील पायसात (इमल्शनमध्ये) अतिसूक्ष्म दळलेले रंगद्रव्य मिसळून केलेली, जवळजवळ पाण्याइतकी पातळ शाई. ती वाळताना पाणी उडून जाते, बहुवारिकाचे कण एकजीव होऊन सलग पटल तयार होते आणि त्यानंतर ती पाण्याने सुटत नाही. नेहमीचा ॲक्रिलिक रंग पाण्याने फार पातळ केला, तर रंगाबरोबर त्यातील बंधक, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारे बहुवारिक, हाही विरळ होतो; शाई मुळातच पातळ असल्याने तिचा गडदपणा आणि पकड दोन्ही टिकतात.

पुण्यात लघुप्रतिकृती म्हटले की दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आधी आठवतात. त्यांच्या जोडीला सुमारे २८ मिमी उंचीचे युद्धखेळांतील सैनिक, १:७२ प्रमाणातील विमाने, १:३५ प्रमाणातील रणगाडे आणि १:८७ प्रमाणातील रेल्वेगाड्या रंगविणारेही असतात. या सर्वांना एकच शाई चालेल असे नाही.

निवडताना पहिला प्रश्न रंगद्रव्य (न विरघळणारे रंगीत कण) की विद्राव्य रंजक (विरघळणारा रंग, डाय), हा. फाउंटन पेनची शाई बहुधा रंजकाची असते. ती उन्हाने विटते व वरून दिलेल्या वॉर्निशमध्येही उतरते. लाखेच्या ड्रॉइंग इंकवरही ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असते, पण तिचे पटल ठिसूळ असते. त्यामुळे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील लेखनसाहित्याच्या दुकानांत नुसती ‘वॉटरप्रूफ इंक’ मागू नये, ‘ॲक्रिलिक’ हा शब्द उच्चारावा आणि लेबल वाचावे. रंगाच्या नावापेक्षा रंगद्रव्याचा संकेतांक अधिक भरवशाचा असतो. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीबीके ७ म्हणजे काजळीचा काळा, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा. ‘सेपिया’ हे नाव मात्र प्रत्येक उत्पादकाकडे वेगळ्याच मिश्रणाला दिलेले आढळते.

दुसरा आणि खरा निर्णायक गुण पारदर्शकतेचा. पारदर्शक शाईतून प्रकाश आत जातो, खालच्या प्रायमरवरून (रंगाआधी दिलेल्या अस्तराच्या थरावरून) परततो आणि म्हणून पांढऱ्या प्रायमरवर ती झळाळते, तर काळ्यावर जवळजवळ दिसेनाशी होते. मावळ्याचे पागोटे हे याचे सोपे उदाहरण आहे. पांढऱ्या प्रायमरवर पारदर्शक नारिंगी शाईचा एक हात दिला, की उंचवट्यांवरून ती ओघळते, घड्यांमध्ये साचते आणि छायाप्रकाश आपोआप उमटतो. घडीच्या तळाशी जास्त थेंब जमलाच, तर कोरड्या ब्रशच्या टोकाने तो लगेच टिपून घ्यावा लागतो, नाहीतर वाळल्यावर कडेला चहाच्या कपासारखे वळे उमटते. अपारदर्शक नारिंगीने हेच केले, तर पागोटे सपाट दिसते. बाटलीवर पारदर्शकतेची खूण नसेल, तर पांढऱ्या कार्डावर काळ्या मार्करची रेघ ओढून ती वाळल्यावर तिच्यावर शाई लावावी; रेघ झाकली गेली तर शाई अपारदर्शक समजावी.

अपारदर्शक शाई म्हणून टाकाऊ ठरत नाही. टायटॅनियम पांढरी शाई एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनात) फार उपयोगी पडते. काळ्या प्रायमरवर ती फक्त वरून खाली फवारली, की माथ्यावरच्या उन्हाचा आभास होतो आणि त्यावर पुढे पारदर्शक रंग चढविता येतात. टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या चौपटीहून अधिक असल्याने ते तळाशी बसते. बाटलीत स्टेनलेस स्टीलची छोटी गोळी टाकून ती चांगली हलविणे आवश्यक असते.

पटलाची पकडही तपासून घ्यावी. प्रायमर दिलेल्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर शाईचा थेंब पसरून तो दिवसभर वाळू द्यावा आणि ओल्या कापसाच्या काडीने घासावा. कापूस रंगला, तर पुढचा हात खालचा थर उचलणार हे उघड आहे. अशा शाईत थोडे मॅट मीडियम (चकाकी नसलेले रंगहीन ॲक्रिलिक माध्यम) मिसळल्यास बंधक वाढतो. त्याने अनेक शायांना वाळल्यावर येणारी चकाकीही कमी होते. रणगाड्याच्या चिलखतावर ही चकाकी फारच खटकते, म्हणून शेवटी मॅट वॉर्निश द्यावेच लागते.

पुण्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी शाई एअरब्रशच्या सुईवरच वाळते, म्हणून वाळणे लांबविणारे रिटार्डर थेंबभर घालतात. पावसाळ्यात उलट दोन हातांमधले थांबणे वाढते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली जातो तेव्हा पहाटे काम टाळलेले बरे, कारण गारठ्यात पटल नीट जुळत नाही.

किल्ल्याच्या मावळ्यांची माती सच्छिद्र असते. प्रायमरशिवाय ती शाई शोषून घेते आणि डाग पडतात. ॲक्रिलिक शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. ती आत वाळली, की पेन सहसा कायमचे निकामी होते.