भाषांतर कुणासाठी? पुण्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

भाषांतरात मूळचे काहीतरी निसटते, ही तक्रार पुण्यात फार जुनी आहे. नेमके काय निसटते हे पाहायचे तर एकोणिसाव्या शतकात जावे लागते. त्या काळी इथे भाषांतराचा प्रश्न आधी पैशाचा आणि मानाचा प्रश्न म्हणून उभा राहिला होता.

पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मुळात तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी चालवली. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम मोडली नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीही या परंपरेला धरूनच. मग १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला: दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना आणि भाषांतरे करणाऱ्यांना द्यावा. शहरातली शास्त्रीमंडळी खवळली. संस्कृतासाठी ठेवलेला पैसा प्राकृताकडे, म्हणजे मराठीकडे वळणे त्यांना अधर्म वाटत होते. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. श्रावणातल्या दानाचा पैसा आता इंग्रजी पुस्तकांच्या मराठी रूपांना मिळू लागला, आणि भाषांतर कुणासाठी करायचे याचे पहिले सरकारी उत्तर तयार झाले: शाळेत शिकणाऱ्या मुलासाठी.

या उत्तराचा परिणाम भाषेच्या बांध्यावर झाला. मेजर थॉमस कँडी हे पाठशाळेचे प्रमुख होते, पुढे ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांचा हात लागला होता, दंडसंहितेचे मराठी त्यांनी केले, आणि शालेय पुस्तकांची भाषा तर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नसे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेयही त्यांचेच. मोडीतल्या बखरी आणि पत्रे अशा खुणांशिवाय सलग चालत. कुठे थांबायचे हे वाचणाऱ्याचा कान ठरवी. आता ते छापणारा ठरवू लागला. मराठी गद्याला यातून स्पष्टता मिळाली, हे मी मनापासून मानतो. मात्र बखरीतल्या गद्याला मोठ्याने वाचण्याची जी लय होती, ती पाठ्यपुस्तकात उतरली नाही.

रंगभूमीवर हाच प्रश्न वेगळ्या रीतीने आला. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये छापले गेले. यातली गंमत शब्दांत नाही, प्रसंगात आहे. राजा मरतो आणि त्याची राणी दिराशी लग्न करते. इंग्रज प्रेक्षकाच्या लेखी यातला मोठा दोष भावाच्या बायकोशी लग्न हा होता. त्यांच्या धर्मनियमांत तो निषिद्ध संबंध होता. विधवेने लग्न करणे त्यांना नवे नव्हते. पुण्यातल्या पांढरपेशा प्रेक्षकापुढे मात्र पहिला धक्का विधवेच्या लग्नाचाच होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पण शंकराचार्यांसमोर त्यावरची मोठी वादसभा याच शहरात १८७० साली झाली होती आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला होता. त्याच वेळी शहराभोवतीच्या अनेक जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे पुन्हा लग्न लावण्याची, रीत सर्रास होती. म्हणजे एकाच नाट्यगृहात शेजारी बसलेल्या दोघांना राणीचे पाप वेगवेगळे दिसणार. भाषांतरकाराने ओळ अगदी चोख उतरवली, तरी हा फरक त्याच्या हातात नव्हता. आगरकर स्वतः विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते, त्यामुळे ही गोष्ट मला अधिकच विचार करायला लावते.

पुढच्या नाटककारांनी उघडच रूपांतराची वाट धरली. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, फर्ग्युसन कॉलेजातल्या वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची ‘त्राटिका’ केली. नावे, गावे, लग्नाचे संकेत सगळे आपले झाले आणि नाटके तुफान चालली. केळकरांच्या शीर्षकाने तर नायिकेला रामायणातल्या राक्षसीच्या पंगतीला बसवले. मूळ नाटकात असे काही नाही.

याच्या नेमकी उलट वाट पंडिता रमाबाईंनी घेतली. मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान तेच वाटते. निराधार बायकांसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ अखेरच्या श्वासापर्यंत, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पुरा छापून आला. मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवले होते. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या ज्यांना संस्कृताने मिळवून दिल्या, त्यांनी भाषांतरात संस्कृतप्रचुर मराठी कटाक्षाने टाळली. कारणे दोन होती. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या बायकांना ते वाचता यायला हवे होते. शिवाय आधीच्या मिशनरी भाषांतरांतल्या संस्कृत शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे जुने अर्थ चिकटलेले होते, आणि वाचणारीच्या मनात भलतीच कल्पना उभी राहते असा त्यांचा आक्षेप होता. ते अर्थ त्यांना आतून ठाऊक होते, म्हणून त्यांचा आक्षेप वजनदार ठरतो. सतराव्या शतकात गोव्याकडे फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराणा’त वैकुंठासारखे शब्द बिनदिक्कत वापरले होते, रमाबाईंचे समकालीन ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक ख्रिस्तावर अभंग रचत होते आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत होते. टिळकांनी ओळखीच्या अर्थाचा आधार घेतला, रमाबाईंनी तो खरवडून काढला. टिळकांचे अभंग गायले गेले. रमाबाईंचे भाषांतर मात्र चर्चच्या रोजच्या वापरात फारसे रुळले नाही. तरी वाचक कोण हे ठरवून एकेक शब्द निवडण्याचा असा आग्रह मराठीत क्वचितच दिसतो.

मराठीतून बाहेर जाताना काय होते, ते देहूच्या तुकोबांवरून कळते. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांनी अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत काढले. अर्थ पोचवणे हाच त्याचा हेतू होता, आणि अभंग तिथे गद्य झाला. वारीत अभंग टाळ-मृदंगावर चालतो. एकाने चरण म्हटला की दिंडी तो उचलते, आणि ऐकणाऱ्याला पुढची ओळ आधीच पाठ असते. हा सामुदायिक अर्थ कागदावर मावत नाही. पुण्यात राहून दिलीप चित्रे यांनी अनेक वर्षे तुकोबांवर काम केले आणि १९९१ मध्ये ‘सेज तुका’ प्रसिद्ध केले. ‘तुका म्हणे’ ही मोहोरच त्यांनी शीर्षकात नेली आणि इंग्रजीत कवी उभा केला. पण विठोबाला एका श्वासात बाप आणि दुसऱ्या श्वासात माउली, विठाई म्हणणे, त्याला एकेरीत झापणे, हे मराठी कानाला ज्या सहजतेने लागते तसे इंग्रजीत लागत नाही. तिथे एकेरी-आदरार्थी हा भेदच उरलेला नाही.

दलित आत्मकथनांत हा तोटा जास्त बोचतो. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि जेरी पिंटो यांच्या इंग्रजी भाषांतराने २०१५ मध्ये तेच शीर्षक ठेवले. निर्णय योग्यच होता. मात्र मराठीत बोलणाऱ्याच्या पहिल्या वाक्यावरून त्याचे गाव, वस्ती आणि पुष्कळदा जातही कळते. इंग्रजीत गेल्यावर सगळी पात्रे साधारण एकाच सुरात बोलू लागतात. ज्या उतरंडीविरुद्ध पुस्तक लिहिले गेले, तिची भाषेतली खूणच पुसट होते. हेही सांगितले पाहिजे की सदाशिव पेठेतल्या कितीतरी वाचकांना ते पुस्तक मराठीतही परकेच होते. येसकराची पाळी, जोहार घालणे, मेलेले ढोर ओढणे यांचा अर्थ त्यांना समजावून घ्यावा लागला. त्या वाचकासाठी पहिले भाषांतर मराठीच्या आतच घडले.

शेजारच्या भाषेतून येताना परिस्थिती निराळी असते. पुण्याच्या उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून भैरप्पा, कार्नाड, तेजस्वी मराठीत आणले; पती विरुपाक्ष कन्नड वाचून दाखवीत आणि त्या ऐकून लिहीत. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या भाषांतराला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीत श्राद्ध आहे, कुळाचा अभिमान आहे, आणि पुन्हा लग्न करणारी विधवा आहे. आगरकरांच्या राणीसारखा खुलासा इथे लागला नाही. सोवळे म्हणजे काय, पिंड कुणी द्यायचा, सासऱ्याच्या मौनाचा अर्थ काय, हे मराठी वाचकाला घरातूनच माहीत होते. इतके माहीत होते की म्हैसूरकडची ती माणसे आपलीच समजून वाचली गेली, आणि त्यांच्यातले जे खास तिकडचे होते त्याकडे इथल्या चर्चेत फार थोडे लक्ष गेले.