एचिंगमध्ये सुई तांबं कोरत नाही हो
डच चित्रकार रेम्ब्रांटच्या एचिंग प्रिंट्स (तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रं) बघितल्या की कोणीतरी म्हणतंच, काय हात होता, तांब्यावर कसं कोरलंय! अहो पण एचिंगमध्ये कोरतं ते ॲसिड. पत्र्यावर आधी मेणाचा पातळ थर देतात, सुईने फक्त तो थर खरवडायचा, कागदावर पेन फिरवावं इतक्या हलक्या हाताने, मग प्लेट ॲसिडमध्ये, जास्त वेळ ठेवली की रेघ खोल आणि काळी. आणि शाई ठशासारखी वर नसते, खाचेत भरतात, वरची पुसतात, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढला की तो खाचेतली शाई उचलतो. म्हणून रेघ बोटाला जराशी उठलेली लागते (म्युझियममध्ये ट्राय करू नका). हां, रेम्ब्रांट कधीकधी सुईने थेट तांब्यावरही ओरखडायचा, पण ते ड्रायपॉइंट, वेगळी गोष्ट.