आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी

‘कुठलाही ट्रेड चालेल, सीट मिळाली म्हणजे झालं’ असं म्हणून भरलेला फॉर्म दोन वर्षं खातो. फॉर्म आम्ही भरून देतोच, पण ट्रेड, म्हणजे कुठलं काम शिकायचं ते, तुम्ही ठरवायचं. त्यासाठी हे पत्रक.

फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट ही नावं एकाच कुळातली वाटली तरी कामं वेगळी. फिटर कानस, करवत, ड्रिल चालवून भाग एकमेकांत बसवतो, मशिनची दुरुस्ती करतो. टर्नरच्या लेथ मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि टूल, म्हणजे कापणारं हत्यार, सरकतं. मशिनिस्टच्या मिलिंग मशिनवर कटर फिरतो. तिन्ही दोन वर्षांचे, दहावी पास लागते, गणित-विज्ञानासह. आपल्या बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याकडे फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ओतलेल्या कास्टिंगचं मशिनिंग चालतं, म्हणून टर्नर-मशिनिस्टला काम शोधायला फार लांब जावं लागत नाही. मात्र मोजमापाची साधनं नीट वाचता यावी लागतात: व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत आणि मायक्रोमीटर 0.01 मिमीपर्यंत वाचायचा असतो. दशांश कच्चे असतील तर सुट्टीतच पक्के करा.

थेट तीन महिन्यांचा सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशिनचा) कोर्स करू का, असं बरेच जण विचारतात. साध्या लेथवर टूलचा कोन, फीड (टूल सरकण्याचा वेग), स्पीड हाताला कळल्यावर करा. नाहीतर बटणं दाबता येतात, पण टूल का तुटलं ते सांगता येत नाही, आणि मालक नेमकं तेच विचारतो.

वेल्डरला आठवी पास पुरते, कोर्स एक वर्षाचा. संस्थेत रॉड, सीओटू आणि टिग या वेल्डिंगच्या तिन्ही पद्धती शिकवतात का ते विचारा. नुसत्या रॉडवर ग्रील-गेटचं काम मिळतं, त्यापुढे जाणं अवघड.

इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन व्हायचं असेल तर आधी डोळ्यांची रंगतपासणी करून घ्या. लाल, पिवळा, निळा, काळा, हिरवा यांत गोंधळ होणाऱ्यानं हा ट्रेड घेऊ नये. चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात शेतीपंपांच्या मोटारींची दुरुस्ती आणि रिवाइंडिंग (जळलेली तार काढून नवी गुंडाळणं) हा या ट्रेडचा चांगला जोडधंदा.

शिवण, मोबाइल दुरुस्ती असा स्वतःचा धंदा काढायचा असेल तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बघा. शिकणं, राहणं, जेवण मोफत असतं. पण ते प्रमाणपत्र आयटीआयच्या बरोबरीचं नाही. ‘आयटीआय पास’ मागणाऱ्या जाहिरातीला चालत नाही.

आता संस्था. पाटीवर एनसीव्हीटी, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची मान्यता, लिहिलेलं असतं, पण संलग्नता प्रत्येक ट्रेडला आणि युनिटला (तुकडीला) वेगळी मिळते. तुमच्याच ट्रेडची आहे का ते सरकारी पोर्टलवर बघा. नसेल तर नाव नोंदलं जात नाही आणि परीक्षेच्या वेळी हॉल तिकीट येत नाही. फी भरण्याआधी प्रॅक्टिकलच्या वेळेत वर्कशॉपमध्ये जाऊन या. लेथच्या ट्रेमध्ये धातूचे ताजे चिप्स (कीस) दिसतात की धूळ, एका मशिनवर किती मुलं उभी असतात, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. हजेरी 80 टक्के लागते आणि प्रॅक्टिकलला पास व्हायला 60 टक्के, त्यामुळे ‘कॉलेजला न येता पास’ या आश्वासनाला भुलू नका. मराठी शाळेतून आलेल्यांनी थिअरी कन्नडमध्ये शिकवतात की इंग्रजीत, हेही विचारून घ्यावं. ट्रेडचे शब्द तसे सगळीकडे इंग्रजीच.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर. मराठी शाळेचा दाखला, कन्नड-इंग्रजीतलं आधार आणि एसएसएलसीचं (दहावीचं) गुणपत्रक, तिन्हीकडे आडनाव वेगळं निघतं. गुणपत्रकाप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या, तेही अर्ज सुरू व्हायच्या आधी. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतूनच, म्हणजे कर्नाटकच्या महसूल कार्यालयातूनच, काढायचा. चंदगड किंवा कोल्हापूरकडचा महाराष्ट्राचा दाखला इथल्या राखीव जागेला चालत नाही. नाडकचेरीच्या दाखल्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) फॉर्ममध्ये भरावा लागतो, तेव्हा दाखला मुदतीतला आहे ना ते बघा.

आमच्याकडे येताना मूळ गुणपत्रक, शाळेचा दाखला, आधार, आरडी नंबर असलेला दाखला, दोन फोटो आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा. मोबाइल घरी राहिला तर ओटीपीअभावी पुन्हा खेप पडते.