बॉयकॉट: एका कारभाऱ्याच्या आडनावाची गोष्ट

एखादा सिनेमा, एखादी कंपनी किंवा एखादा क्रिकेट सामना डोक्यात गेला की मराठी माणूसही आता सरळ 'बॉयकॉट करा' म्हणतो. 'बहिष्कार' हा शब्द घरात असताना हा पाहुणा इतका रुळला कसा, हा प्रश्न वेगळा. आमच्या पिढीला हा शब्द आधी भेटला तो क्रिकेटमुळे, कारण यॉर्कशायरचा तो चिवट सलामीवीर जेफ्री बॉयकॉट रेडिओवर दिवसभर बाद होत नसे. शब्दाच्या मुळाशी आडनावच आहे, पण ते त्याचं नव्हे. ते एका कारभाऱ्याचं आहे. आयर्लंडमधल्या एका गावानं त्याला वाळीत टाकलं आणि त्याचं आडनाव जगाच्या शब्दकोशांत जाऊन बसलं.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट १८३२ साली इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात जन्मला. घराण्याचं मूळ आडनाव 'बॉयकॅट'. १८४१ मध्ये त्याचं स्पेलिंग बदललं. नाहीतर आज आपण सिनेमे 'बॉयकॅट' करत बसलो असतो. सैन्यातली नोकरी त्यानं लवकर सोडली, तरी लोक त्याला कॅप्टनच म्हणत. बरीच वर्षं पश्चिम आयर्लंडमधल्या अॅकिल बेटावर काढून तो मेयो परगण्यात बॅलिनरोबजवळ लॉक मास्क तळ्याकाठी राहायला आला आणि लॉर्ड अर्न या बड्या जमीनदाराचा कारभारी झाला. अर्नसाहेब राहत दूर फर्मनॅमध्ये, आपल्या वाड्यात. इथल्या सुमारे दीड हजार एकरांवरच्या कुळांकडून खंड वसूल करायचा, थकला तर कुळाला जमिनीवरून काढायचं, ही कामं बॉयकॉटची. माणूस फार क्रूर होता असं नाही, पण खडूस होता. फाटक उघडं राहिलं, दंड. कुणाची कोंबडी आवारात शिरली, दंड. असली माणसं गावाच्या लक्षात राहतात.

१८७९ चं पीक बुडालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयरिश लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली. मायकेल डेव्हिट तिचा जीव, तर चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल अध्यक्ष. पुढच्या वर्षी अर्नच्या कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. अर्न दहा टक्क्यांवर अडून बसला. २२ सप्टेंबर १८८० रोजी बेलिफ पोलिसांच्या पहाऱ्यात नोटिसा बजावायला निघाला. तीन घरं झाली. चौथ्या घरच्या बाईनं नोटीस घ्यायला नकार दिला आणि आजूबाजूच्या बायकांना खूण केली. त्या दगड, चिखल आणि शेण घेऊन धावल्या. बेलिफ पळाला तो थेट बॉयकॉटच्या घरात शिरला.

याच्या तीनच दिवस आधी पार्नेलनं एनिस गावी भाषण केलं होतं. दुसऱ्या कुळाला हुसकून मोकळी केलेली जमीन जो घेईल त्याचं काय करायचं, असं त्यानं विचारलं. गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला आणि जास्त ख्रिस्ती मार्ग आहे. तो रस्त्यात भेटला तर टाळा, दुकानात टाळा, जत्रेत आणि बाजारात टाळा, देवळात टाळा. जुन्या काळी कुष्ठरोग्याला टाळत तसा त्याला एकटा पाडा.

इथे एक बारकावा आहे आणि तो सहसा निसटतो. पार्नेलचा नेम जमीनदारावर नव्हता, फितूर होणाऱ्या कुळावर होता. म्हणजे शस्त्र निघालं ते आपल्याच माणसाला धाकात ठेवण्यासाठी. मेयोच्या लोकांनी ते वरच्या दिशेनं फिरवलं.

मग जे झालं ते आपल्या गावगाड्याच्या भाषेत सांगायचं तर बॉयकॉटचं बलुतं बंद झालं. शेतमजूर काम सोडून गेले. त्यानं लंडनच्या 'द टाइम्स'ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं, ते १८ ऑक्टोबरला छापून आलं. लोहाराला धमकीची चिठ्ठी आली आहे, कपडे धुणाऱ्या बाईला काम सोडायला सांगितलं आहे, दुकानदारांना माल देऊ नका म्हणून बजावलं आहे, तार आणणाऱ्या पोराला वाटेत अडवलं आहे. शेतात बटाटे आणि सलगम तसेच पडून होते. पत्र वाचून इंग्लंडमध्ये आणि आयर्लंडच्या उत्तर भागात लोक हळहळले. कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून पन्नास प्रॉटेस्टंट स्वयंसेवक पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक. दोन आठवडे भर पावसात ही कापणी चालली. गावकऱ्यांनी दगड उचलला नाही. ते फक्त लांब राहिले. पीक साधारण पाचशे पौंडांचं, सरकारचा आणि मदतफंडाचा खर्च दहा हजार पौंडांच्या घरात. प्रत्येक सलगमामागे एक शिलिंग पडला, असा टोमणा पार्नेलनं मारला. नोव्हेंबरअखेर बॉयकॉट कुटुंबासह निघाला तेव्हा त्याला गाडी हाकणारा मिळेना. शेवटी सैन्याच्या रुग्णवाहिकेतून त्याला जावं लागलं. १ डिसेंबरला त्यानं आयर्लंड सोडलं.

आता शब्दाकडे. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकी पत्रकार तेव्हा मेयोत होता. त्यानं सांगितलेली हकीकत अशी की, तो फादर जॉन ओ'मॅली या स्थानिक पाद्र्याकडे जेवायला बसला होता आणि एका शब्दासाठी अडला होता. जमीन बळकावणाऱ्या कुळाला लोक तोडतात त्याला आम्ही 'सामाजिक धर्मबहिष्कार' म्हणतो, पण जमीनदाराच्या कारभाऱ्याला तोडलं तर वेगळा शब्द हवा, असं त्याचं म्हणणं. इंग्रजीत 'ऑस्ट्रसिझम' होता. प्राचीन अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यांवर नाव खरवडून माणसाला दहा वर्षं हद्दपार करत, त्यावरून आलेला. पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही, असं रेडपाथच म्हणाला. ओ'मॅलीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, मग 'त्याला बॉयकॉट करणं' म्हटलं तर?

हकीकत इतकी नेटकी आहे की पत्रकाराच्या हातची थोडी रंगसफेदी तीत असेलच. पण शब्द पसरला तो खरोखर झपाट्यानं. २० नोव्हेंबर १८८० च्या 'टाइम्स'मध्ये लिमरिक परगण्यातल्या न्यू पॅलस गावचे लोक काहींना 'बॉयकॉट' करणार असल्याची बातमी आहे. म्हणजे खरा बॉयकॉट अजून लॉक मास्कच्या घरात सलगम मोजत होता, आणि त्याचं आडनाव दुसऱ्या परगण्यात क्रियापद होऊन फिरत होतं. पुढे त्याचं पहिलं मोठं अक्षर गळालं. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, स्पॅनिश, जपानी अशा भाषांनी तो थोडाफार मुरडून घेतला. १८८१ मध्ये बॉयकॉट अमेरिकेला गेला तेव्हा त्यानं प्रवासात 'चार्ल्स कनिंगहॅम' एवढंच नाव सांगितलं. वार्ताहरांनी ओळखलं ते ओळखलंच. १८९७ मध्ये सफकमधल्या फ्लिक्स्टनला तो वारला.

मधल्या काळात शब्दाचा अर्थ सरकत होता. मूळ अर्थात माणूस तुटतो. पण १८८० च्या दशकातच अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी तो मालकाच्या मालावर लावला: अमुक कारखान्याच्या टोप्या घेऊ नका, तमुक बेकरीचा पाव घेऊ नका. कृती जुनीच होती. अमेरिकी वसाहतींनी अठराव्या शतकात ब्रिटिश माल नाकारला होता, आणि १७९१ पासून इंग्लंडमधल्या हजारो घरांनी गुलामांच्या श्रमांतून आलेली साखर सोडली होती. त्यांना त्यासाठी सुटसुटीत नाव नव्हतं, ते आता मेयोतून आयतं मिळालं. मात्र नावाबरोबर त्याचा वासही आला. १८८८ मध्ये रोमनं, म्हणजे पोपच्या धर्मपीठानं, आयर्लंडमधल्या बॉयकॉटचा निषेध केला. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टोपीवाल्यांच्या संघटनेचा बॉयकॉट मक्तेदारीविरोधी कायद्यात बसवला.

आपल्याकडे हा शब्द ठळकपणे आला १९०५ मध्ये. त्याच वर्षी चीनमध्ये अमेरिकी मालावर बहिष्कार पुकारला गेला होता. वंगभंगाविरुद्ध ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव झाला, दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विलायती कापडाची होळी झाली आणि 'केसरी'नं बहिष्काराची बाजू लावून धरली. मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही. 'बहिष्कार' जातीच्या व्यवहारात तयारच होता, त्याच्यासोबत 'वाळीत टाकणं' होतं, 'ग्रामण्य' म्हणजे जातीतलं बहिष्काराचं प्रकरण होतं. योगायोग पाहा. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल १८९० मध्ये जे ग्रामण्य उठलं, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि खुद्द टिळक सापडले होते. जातीनं तोडणं म्हणजे काय हे पुण्याच्या पुढाऱ्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मेयोत रेडपाथला जो शब्द सापडत नव्हता तो आमच्याकडे घरोघरी होता, याचा अभिमान बाळगावा असं मात्र काही नाही.

शब्दाचा हा वास सर्वांत आधी कुणी हुंगला असेल तर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९०५ च्या बनारस काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. बंगालला हे हत्यार उचलणं भाग पडलं हे त्यांनी मान्य केलं, पण 'बॉयकॉट' या शब्दाला त्याच्या जन्मामुळेच वाईट संदर्भ चिकटले आहेत, ऐकणाऱ्याला त्यातून आधी दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी जाणवते, असं बजावलं. त्यांना 'स्वदेशी' हाच शब्द पुरेसा वाटे. टिळक उलट दिशेला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत त्यांनी बहिष्काराला मानाचं पान दिलं आणि जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात त्याची व्याप्ती कापडावरून राज्यकारभारावर नेली: महसूल गोळा करायला, राज्य चालवायला आम्ही मदतच करणार नाही. राजकारणात टिळकांचा अर्थ जिंकला. शब्दाची नस मात्र गोखल्यांनी बरोबर पकडली होती, असं मला वाटतं.

याचं कारण त्याच महाराष्ट्रात हा शब्द दुसऱ्या बाजूनं रोज जगला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. नावांतच कर्मणी प्रयोग आहे. मुंबई सरकारनं १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सदस्य होते. समितीनं नोंदवलं ते असं: अस्पृश्यांनी हक्क बजावायला सुरुवात केली की गाव त्यांचं काम बंद करतं, जमीन काढून घेतं, वाट अडवतं, वाणी माल देत नाही, दडपणुकीचं याहून प्रभावी हत्यार सापडणं कठीण. लॉक मास्कच्या घराभोवती जे घडलं तेच हे, पण उलटं. तिथे शेकडो कुळांनी एका कारभाऱ्याला एकटं पाडलं आणि सैन्य त्याच्या बाजूनं आलं. इथे सारं गाव मूठभर घरांवर उलटलं आणि सैन्य कुणी पाठवलं नाही.

गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि अस्पृश्यांचे दुसरे प्रतिनिधी रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे संरक्षण मागितलं, त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असं कलम होतं. त्याची भाषा जवळपास जशीच्या तशी उचलली होती ती १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बॉयकॉटविरोधी कायद्यातून. म्हणजे साम्राज्यानं राष्ट्रवाद्यांना आवर घालायला केलेलं हत्यार बाबासाहेबांनी गावच्या पाटलासमोर धरलं. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात का येत नाही कोण जाणे.

अर्धं शतक उलटल्यावर गोखल्यांची शंका दुसऱ्या खंडात पुन्हा उमटली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी वर्णभेदाविरुद्ध शहरबस सोडल्या आणि ३८१ दिवस पायपीट केली. आज 'बॉयकॉट' म्हटलं की जे उदात्त चित्र उभं राहतं ते बहुतांशी तिथलं. पण खुद्द मार्टिन लूथर किंगना सुरुवातीलाच प्रश्न पडला होता की गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिल नावाच्या वर्णभेदवादी संघटना हेच हत्यार आपल्यावर चालवतात, मग आपण वेगळे कसे? विचारान्ती त्यांनी या लढ्याला असहकार मानलं आणि 'बॉयकॉट' हा शब्द त्यानंतर क्वचितच वापरला, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. जगानं त्यांचं ऐकलं नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेची संत्री, १९८० चं मॉस्को ऑलिम्पिक असं करत शब्द पातळ होत गेला, आणि आता तिकीट न काढता घरी बसल्या बसल्याही बॉयकॉट होतो.

महाराष्ट्रात मात्र तो पातळ झालेला नाही. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये जातीबाहेर, पंथाबाहेर काढण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात चर्चच्या वळणाचा 'एक्सकम्युनिकेशन' होता. एप्रिल २०१६ मध्ये जातपंचायतींना चाप लावायला विधिमंडळानं पुन्हा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि या खेपेला नावात शब्द आला 'सोशल बॉयकॉट'. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणत्या कृती गुन्हा ठरतात याची लांबलचक यादी कायद्यात आहे: धंद्या-व्यवहाराचे संबंध तोडणं, लग्नकार्य अडवणं, शाळेपासून, प्रार्थनास्थळापासून, समाजमंदिरापासून दूर ठेवणं. शिवाय स्मशान नाकारणं. पार्नेलच्या एनिसच्या भाषणात रस्ता, दुकान, बाजार आणि देऊळ होतं, स्मशान नव्हतं.